रविवारच्या कोऱ्या कागदाआधीचे सहा दिवस

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी ४१ वर्षांची आहे. कराडला एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते. आठ वर्षांपूर्वी माझ्या दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. त्यानंतर एकही पूर्ण झाली नाही. दर रविवारी सकाळी दहा ते बारा घरचे मला मोकळं सोडतात. मी वही घेऊन बसते, अर्धी ओळ लिहिते, खोडते, मग मोबाइल हातात येतो. एक कार्यशाळा केली. तीन छान वह्या आणल्या, त्या अजून कोऱ्याच आहेत. आम्हा चार मैत्रिणींचा लेखनगट महिन्यातून एकदा भेटतो, पण तिथं गप्पाच होतात. नोकरी, सासूबाई, दहावीतला मुलगा यांतून रोज फार तर वीस मिनिटं निघतात. विषयच सुचत नाहीत. माझ्यात मुळात प्रतिभाच नाही, हे आता मान्य करावं का?

सप्रेम नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, मान्य करू नका. काव्य कशातून जन्मतं हे सांगताना अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारानं तीन गोष्टी एकत्र धरल्या आहेत. एक शक्ती, म्हणजे आपण जिला प्रतिभा म्हणतो ती. दुसरी निपुणता, जी लोकव्यवहार पाहून आणि शास्त्रं-काव्यं वाचून येते. तिसरा जाणकारांकडून शिकून केलेला अभ्यास. आणि या तिन्हींसाठी त्यानं ‘हेतू’, म्हणजे कारण, हा शब्द एकवचनी वापरला आहे. म्हणजे ही तीन वेगवेगळी कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण. तुमच्या दोन कथा संपादकांनी निवडून छापल्या, तेव्हा पहिल्या गोष्टीची शंका घ्यायचं कारण नाही. गेली आठ वर्षं बंद पडलंय ते लोकांकडे बघणं आणि रोजचा सराव. ही दोन्ही कामं वीस मिनिटांत बसतात.

रविवारी नेमकं काय होतं ते बघा. त्या दोन तासांत तुम्ही चार कामं एकदम करायला बसता. विषय शोधायचा, त्याचे पर्याय काढायचे, त्यातला एक निवडायचा, आणि वर तो लिहायचाही. यातलं शोधणं आणि निवडणं ही दोन कामं तर एकमेकांच्या विरुद्ध आहेत. शोधताना मन सैल लागतं, निवडताना कडक. तुम्ही अर्धी ओळ लिहिता तेव्हा शोधणारी लिहीत असते आणि खोडता तेव्हा निवडणारी तिच्या हातातून पेन काढून घेत असते. दोघींना एकाच वेळी एका खुर्चीत बसवलं की निवडणारीच जिंकते, कारण खोडायला श्रम पडत नाहीत.

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण ‘सुरुवात करा, जमेल’ एवढ्याच अर्थानं वापरतो. पण जात्यावर बसलेल्या बाईकडे नीट बघा. ती ओवी रचायला बसलेली नाही, दळायला बसली आहे. दाणे आदल्या दिवशीच निवडून सुपात ठेवलेले आहेत. हाताचं काम ठरलेलं आहे, वेळ ठरलेली आहे, आणि वैरण, म्हणजे जात्यात घालायचे दाणे, मुठीमुठीनं पडते आहे. ओवी या सगळ्यावर येते. रिकामं जातं ओढलं तर दगडावर दगड घासतो, पीठ पडत नाही. तुमच्या रविवारचं तेच झालं आहे. म्हणून रविवार तूर्त बाजूला ठेवू आणि सोमवार ते शनिवार बघू.

चहाच्या वेळी तीन नोंदी

पहिली सवय टिपण्याची. रोज तीन नोंदी, चार मिनिटं. वेळ घड्याळाप्रमाणे ठरवू नका, रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. तुमच्याकडे दुपारचा चहा येत असेल तर ‘चहाचा कप टेबलावर आला की वही उघडायची’ असं वाक्यच ठरवून टाका. ‘वेळ मिळाला की लिहीन’ आणि ‘चहा आला की लिहीन’ यांत मोठा फरक आहे. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ पद्धतीच्या संकल्पांचा बराच अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा असे संकल्प जास्त पाळले जातात, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. आठवण ठेवायचं काम तुमच्याकडून निघून कपाकडे जातं.

वही स्वस्तातली, शंभरपानी, पर्समध्ये मावेल अशी घ्या. त्या तीन छान वह्या या कामाला चालणार नाहीत. चांगल्या कागदावर माणूस चांगलंच लिहायला जातो आणि इथं चांगलं लिहायचं नाही. तारेच्या स्पायरलपेक्षा शिवलेली वही बरी. तार पर्समध्ये अडकते, आणि पान सहज फाटतं म्हणून ते फाडायचा मोह होतो. शेवटच्या लिहिलेल्या पानाला रबर लावून ठेवा आणि पेन त्याच रबरात अडकवा, म्हणजे वही उघडली की पुढचं पान समोर. नोंदी डाव्या पानावर करा, उजवं पान रिकामं सोडा. त्याचं काम पुढे येईल.

नोंद कशी करायची, इथं बहुतेकांची गाडी घसरते. ‘भाजीवाली, हसणं’ असं दोन शब्दांत लिहिलं तर त्या दिवशी सगळं आठवतं आणि पंधरा दिवसांनी काहीच आठवत नाही. वही भरते, पण तिच्यातून काही निघत नाही, आणि मग वाटतं की टिपणं काही कामाचं नसतं. नोंदीत किमान दोन वाक्यं हवीत. पहिल्यात नेमकं काय दिसलं किंवा ऐकू आलं ते, दुसऱ्यात त्यातलं काय खटकलं ते. ऐकलेलं वाक्य असेल तर त्याच शब्दांत, त्याच बोलीत लिहा, शुद्ध करू नका. ‘भाजीवाली म्हणाली, मेथी घ्या ताई, उद्या मी नसणार. कुठं जाणार विचारलं तर हसली आणि जुडी जास्त दिली.’ एवढं लिहिलं की सहा महिन्यांनीही त्यातून गोष्ट काढता येते.

काय टिपायचं, तर जिथं हिशोब जुळत नाही ते. कारण न दिसणारी कृती, जागा चुकलेली वस्तू, एखाद्यानं स्वतःला घालून घेतलेला नियम, अर्ध्यावर सोडलेलं वाक्य. स्वतःच्या मनःस्थितीबद्दल या वहीत लिहू नका. ‘आज खूप उदास वाटलं’ ही रोजनिशी झाली. तिची जागा वेगळी आहे आणि ती चार मिनिटांत आटपत नाही.

तुमच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळायला हवं. पतसंस्थेच्या काउंटरवर लोक विश्वासानं येतात. नाव, खाते क्रमांक, खरी रक्कम, गावाचं नाव यातलं काहीही वहीत येता कामा नये. लिहितानाच वय, कपडे, व्यवसाय यांतल्या दोन गोष्टी बदलून टाका. नंतर बदलू म्हटलं तर खरा माणूस डोक्यात पक्का बसलेला असतो, मग तो कथेतही तसाच उतरतो.

बसमध्ये किंवा रस्त्यात काही दिसलं तर फोनवर आवाज नोंदवून ठेवायला हरकत नाही, पण त्याच रात्री ते वहीत उतरवा. साठलेले आवाज पुन्हा कुणी ऐकत नाही.

तीन नोंदी गुणिले सहा दिवस, आठवड्याला अठरा. त्यातल्या पंधरा पुढे कधीच कामाला येणार नाहीत असं धरूनच चाला. त्या पंधरा वाया जात नाहीत. डोळ्याला वळण लागतं ते त्यांच्यामुळेच.

ओटा पुसून झाला की दहा ओळी

दुसरी सवय पर्याय काढायची. रात्री ओटा पुसून झाला की दहा मिनिटं. त्या दिवशीची किंवा त्या आठवड्यातली एक नोंद घ्या, उजव्या पानावर समासात एक ते दहा आकडे आधीच घालून ठेवा, आणि ‘असं का?’ या एकाच प्रश्नाची दहा उत्तरं लिहा. आकडे आधी घालायचे, कारण रिकामा आकडा माणसाला जागेवरून उठू देत नाही. फोनवर दहा मिनिटांचा गजर लावून तो दुसऱ्या खोलीत ठेवा. या दहा मिनिटांत खोडायचं नाही, वर जाऊन वाचायचं नाही, अक्षर सुधारायचं नाही. वाईट उत्तर सुचलं तर वाईटच लिहा, त्यानं जागा अडवली की पुढचं येतं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा, नोंद अशी आहे:

‘पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा दर महिन्याला ५०० काढतात. आज तीनदा मोजले, बाकावर बसले, आणि दहा मिनिटांनी त्यातले ४०० परत भरले.’

आता उजवं पान:

१. घरी कुणी बोलत नाही, म्हणून येतात.
२. बायको गेली, तिच्या नावानं काहीतरी साठवतायत.
३. विसरतात. काढले हेच लक्षात राहत नाही.
४. घरी कुणीतरी पैसे हिसकावून घेतं, म्हणून थोडेच नेतात.
५. शंभरच हवे असतात, पण शंभर मागायची लाज वाटते.
६. पासबुकाची पानं भरलेली हवीत. कुणाला तरी दाखवायचंय.
७. एके काळी ते स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला होते. कारकून नोटा नीट मोजतो का, ते बघतात.
८. कोरी नोट निवडून नेतात, मळक्या परत भरतात.
९. हात थरथरायला लागलाय. विड्रॉल स्लिपवरची सही अजून जुळते का, ते दर महिन्याला तपासून बघतात.
१०. सही दोनदा जुळली नव्हती. काउंटरवरच्या बाईनं काही न बोलता चालवून घेतली. आता खात्यात मोठी रक्कम आली आहे.

पहिली चार उत्तरं कुठल्याही मालिकेत सापडतील. ती तुमची नाहीत, आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आधीच पडून असलेली आहेत, म्हणून ती आधी बाहेर येतात. ती वाईट आहेत म्हणून घाबरू नका, ती संपायला हवीत एवढंच. पाचव्यात पहिल्यांदा एक खरा माणूस दिसतो. सहावं-सातवं ओढूनताणून आल्यासारखं आहे, आठवं गोड आहे पण तिथंच संपतं. नवव्यात गोष्ट आहे. आणि दहाव्यात ती गोष्ट काउंटरच्या या बाजूला येते, कारण आता आतल्या बाईचीही नोकरी त्या सहीवर अडकली आहे. हे नववं आणि दहावं उत्तर चौथ्यानंतर उठलेल्या माणसाला कधीच मिळत नाही.

उशिरा येणारी उत्तरं जास्त वेगळी असतात, हे मानसशास्त्राच्या अभ्यासात जुनंच निरीक्षण आहे. गिलफर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ सालीच ते नोंदवलं होतं. त्याहून उपयोगी गोष्ट ब्रायन लुकस आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी २०२० मध्ये दाखवली. लोकांना वाटतं की वेळ जाईल तसं आपलं सुचणं उतरणीला लागतं. प्रत्यक्षात ते उतरत नाही, टिकतं किंवा वाढतं. म्हणजे पाच-सहाव्या आकड्याला ‘आता संपलं’ असं जे वाटतं, ते खरं नसतं. रविवारी तुम्ही अर्ध्या ओळीवर थांबता, तेव्हा तुम्ही अजून पहिल्या उत्तरापाशीच असता.

पाचव्या-सहाव्यापाशी खरोखरच अडलात तर चार किल्ल्या वापरा. वस्तू धरा: या प्रसंगात हाताळल्या जाणाऱ्या वस्तू कोणत्या? नोटा, पासबुक, स्लिप, पेन. वरचं नववं उत्तर स्लिपमधून आलं. जाणकार बदला: हे आणखी कुणाला माहीत आहे? दहावं त्यातून आलं. वेळ सरकवा: याच्या आदल्या दिवशी काय झालं, दहा वर्षांनी काय असेल? आणि फायदा उलटा करा: यात ज्याचं नुकसान दिसतंय त्याचा फायदा असेल तर? या चार किल्ल्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. अडल्यावर त्या आठवत नाहीत, समोर दिसाव्या लागतात.

रोज दहा ओळी जमल्या नाहीत तर आठवड्यातून चार रात्री करा. दहाच्या पाच मात्र करू नका. दिवस कमी झालेले चालतील, पण पाचावर थांबलात तर हाती बहुतेक मालिकांमधलीच उत्तरं उरतील.

सकाळचं अकरावं आणि बारावं

दहा ओळी झाल्या की वही मिटा आणि झोपा. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तेच पान उघडून आणखी दोन उत्तरं लिहायची. मध्ये रात्र गेली की बऱ्याचदा वेगळ्याच बाजूनं काहीतरी येतं. ग्रॅहम वॉलस यानं १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे सांगितले: तयारी, मुरणं, उजळणं आणि पडताळणं. लोकांना त्यातला तिसरा टप्पा आवडतो. फ्रेंच गणिती पॉइनकारेला घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता उत्तर सुचलं, ही हकीकत म्हणूनच सगळीकडे सांगितली जाते. पण त्यानंच लिहिलंय की त्याच कामाच्या सुरुवातीला तो पंधरा दिवस रोज तास-दोन तास टेबलाशी बसत होता आणि हाती काही लागत नव्हतं. मुरायला आधी बरणीत काहीतरी घालावं लागतं. रात्रीच्या दहा ओळी न लिहिता नुसतं सकाळी सुचायची वाट बघितली तर काही येणार नाही.

चालण्याचाही उपयोग होतो, पण कशासाठी ते नीट लक्षात घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी केलेल्या प्रयोगांत (२०१४) बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही. मात्र ज्या कोड्यांना एकच बरोबर उत्तर असतं, तिथं चालण्यानं मदत झाली नाही. तेव्हा संध्याकाळी प्रीतिसंगमावर फेरी मारणार असाल तर नोंद मनात घेऊन जा, इअरफोन घरी ठेवा, आणि पर्याय काढायचं काम तिथं करा. शेवट कोणता ठेवायचा, वाक्य कुठं तोडायचं, हे बसूनच ठरवा.

रविवार आता अर्ध्या तासाचा

रविवारची निवड सुरू केल्यावर पहिला महिना कथा लिहायची नाही. दहा ते साडेदहा फक्त निवड. उरलेला दीड तास वाचा, कारण मम्मटाच्या निपुणतेत वाचनही येतं.

आठवड्याच्या नोंदी आणि पर्याय मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं की डोळा पुढे पळतो, मोठ्यानं वाचताना जिथं आवाज आपोआप मंदावतो तिथं पेन्सिलीनं एक टिंब द्या. का आवडलं ते लिहू नका. टिंब दिलेल्यांतलं एकच निवडा आणि ते त्या तीन छान वह्यांपैकी एकीत उतरवा. छान वही आता कामाला आली. एका कथाबीजाला एक पान. त्यात चार गोष्टी लिहायच्या: माणूस कोण, त्याला काय हवंय, ते आजच का मिळत नाहीये, आणि शेवटी कुणाच्या बाबतीत काय बदलणार. आजोबांच्या गोष्टीत हवं आहे ते स्वतःच्या हातानं सही करत राहणं, आणि बदलणार आहे ते कदाचित काउंटरवरच्या बाईच्या बाबतीत. चौथ्या गोष्टीचं उत्तर मिळत नसेल तर ते बीज अजून कच्चं आहे. पान तसंच राहू द्या, दुसऱ्या रविवारी पुन्हा बघा.

महिन्यानंतर एक भर घाला. या आठवड्याची एक नोंद आणि किमान चार आठवडे जुनी एक नोंद घेऊन त्या एकाच घरात ठेवून बघा. मेथीची जास्त जुडी देणारी बाई आणि सहीवाले आजोबा यांचं नातं काय असेल? जवळजवळच्या दिवसांतल्या नोंदी एकसारख्या असतात, कारण त्या आठवड्यात आपलं मन एकाच गोष्टीभोवती फिरत असतं. जुनी नोंद ही जवळपास परक्या माणसाची असते, म्हणून तिच्याशी घातलेली गाठ जास्त ताणली जाते.

बीज पक्कं झालं हे ओळखायची एक खूण आहे. वही न उघडता ते तीन वेगवेगळ्या दिवशी आपणहून आठवलं, की रविवारचे दोन तास पुन्हा लिहिण्यासाठी घ्या. दिवाळी अंकासाठी लिहायचं असेल तर बहुतेक ठिकाणी साहित्य पावसाळ्यातच मागवतात. तेव्हा पक्कं बीज उन्हाळ्यात हाताशी हवं, म्हणजे दुसरा खर्डा करायला सवड राहते.

मैत्रिणींच्या गटाचं काय

गट मोडू नका, फक्त क्रम बदला. एकत्र बसून मोठ्यानं कल्पना मांडायची पद्धत अलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकी जाहिरातदारामुळे जगभर गेली. ‘आधी सुचवा, पारख नंतर’ हा त्याचा नियम आजही लाखमोलाचा आहे, वरच्या दहा ओळी त्यावरच उभ्या आहेत. पण तेवढीच माणसं एकेकटी बसून विचार करून नंतर यादी एकत्र करतात, तेव्हा जास्त कल्पना निघतात, असं पुढच्या प्रयोगांत वारंवार दिसलं. डील आणि श्ट्रोबं यांनी १९८७ मध्ये त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं किंवा गिळलं जातं.

म्हणून भेटल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. एकीनं आपली एक नोंद वाचायची आणि चौघींनी त्याच नोंदीवर आपापल्या वहीत दहा उत्तरं लिहायची. मग प्रत्येकीनं फक्त सातवं ते दहावं वाचून दाखवायचं. पहिली चार चौघींची जवळपास सारखीच निघतील, आणि ते बघणंही शिकवून जातं. चहा, गप्पा त्यानंतर मनसोक्त.

गटासाठी दुसरा खेळ आपल्याकडचाच आहे, समस्यापूर्तीचा. शेवटचा चरण देऊन आधीचा श्लोक रचायला सांगायची ही जुनी रीत. भोजराजाच्या आख्यायिकेत तर कवीला नुसता ‘ठठं ठठं’ असा निरर्थक आवाज दिला जातो. असा आवाज कशाचा होईल, या एका प्रश्नावरून तो तरुणीच्या हातातून सुटून पायऱ्यांवरून गडगडत जाणाऱ्या सोन्याच्या घड्यापर्यंत पोचतो. ‘कशावरही लिहा’ म्हटलं असतं तर तो घडा सापडला नसता. तुम्ही दर महिन्याला एक शेवटचं वाक्य ठरवा, साधंच, ‘आणि तिनं कुलूप पुन्हा लावलं’ यासारखं, आणि त्याआधीचं चौघींनी एकेका पानात लिहून आणा. मोकळं रान दिलं की माणूस ओळखीच्या पायवाटेनंच जातो, कुंपण घातलं की फट शोधतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. नोंदी आणि पर्याय गटात वाचा, पण छान वहीतलं पक्कं बीज कथा लिहून होईपर्यंत कुणाला सांगू नका. एकदा रंगवून सांगितलं आणि ‘वा, छान!’ मिळालं, की लिहायची निकड निम्मी होते.

सवय मोडते तेव्हा

मुलाची सराव परीक्षा येईल, सासूबाईंना बरं नसेल, मार्चअखेर तर तुमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसेल. दिवस चुकणार. चुकलेल्या दिवसाच्या नोंदी दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. तीनच्या सहा, सहाच्या नऊ होतात, मग वही उघडायचीच भीती वाटते आणि सवय तिथंच मरते. चुकलेली तारीख सोडून द्या, आजच्या तीन लिहा.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे ऐकलं असेल, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. एखादी कृती आपसूक व्हायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला, मधला आकडा ६६ दिवसांचा होता. त्याच अभ्यासात असंही दिसलं की अधूनमधून एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात अजून जड वाटलं तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. दोन महिने तरी द्या.

उलट बाजूचाही धोका आहे. टिपायची सवय इतकी सुखाची होते की वह्यांवर वह्या भरतात आणि कथा एकही होत नाही. जमवण्यातून लिहिल्याचं समाधान मिळायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे रविवारचं ते एक बीज. नोंदी कितीही कमी झाल्या तरी आठवड्याला एक बीज पुढं सरकलंच पाहिजे. सलग तीन रविवार ते सरकलं नाही, तर नवीन नोंदी एक आठवडा बंद करा आणि जुन्याच नोंदींवर रोज दहा ओळी लिहा.

आणि सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त चहाच्या वेळच्या तीन नोंदी. तिसऱ्या सोमवारपासून रात्रीच्या दहा ओळी आणि सकाळच्या दोन. पाचव्या आठवड्यात रविवारची निवड. वेळेचा हिशोब मांडला तर चहाच्या वेळी चार मिनिटं, रात्री दहा, सकाळी तीन. तुमच्या वीस मिनिटांत तीन मिनिटं शिल्लक राहतात.

छान वहीत पहिलं बीज उतरवाल तेव्हा पहिलं पान कोरं सोडा आणि दुसऱ्या पानापासून सुरू करा. पहिल्या पानावर हात जड होतो. त्यावर कथेचं नाव लिहायचं, पण ती कथा पूर्ण झाल्यावर.